उजव्या हाताची वाट

कुताइसीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
डॉक्टरीणबाई पेन्सिलीचं टोक पडद्यावर टेकवते:
ही महाधमनीची कमान.
हिच्यावरून बहुतेकांना तीन फांद्या फुटतात.
तुम्हाला चार.

सेवेरियान मोजतो. चारच.

उजव्या हाताची फांदी आधी निघायची,
ती निघाली सगळ्यांत शेवटी, डावीकडून,
आणि अन्ननलिकेच्या पाठीमागून
आडवाटेने गेली उजवीकडे,
जाता जाता नळीला जरा रेटून.
आईच्या पोटातच ठरलं हे, ती म्हणते.

नाझीब्रोला खुर्चीत गप्प.
एकेचाळीस वर्षं हा माणूस
मक्याच्या भाकरीचा एक तुकडा चघळत बसला,
लग्नांत, बारशांत, बापाच्या चाळिसाव्याच्या जेवणात.
पाहुणे उठले, पेले विसळून झाले,
हा अजून पहिल्या घासाशी.
आणि तिने दर वेळी विचारलं, मीठ जास्त झालं का?
एकदा तर
समोरचं ताटच उचललं होतं.

बसथांब्यावर ती त्याचं उजवं मनगट धरते,
नाडी लागेपर्यंत बोटं सरकवत राहते.
लागते.
"एवढा वळसा घालून येते होय," ती म्हणते,
"म्हणजे मिठाचं काही नव्हतंच."

"थोडं असायचं," सेवेरियान म्हणतो.