फुली

मार्जोरम मोडायला काढली तेव्हा
तिच्या काठाची चार फळकुटं मी मागून घेतली.
धक्क्यावरच्या ऑल्विनने पैसे घेतले नाहीत.
"बुडालेल्या होडीचं काय मोल," म्हणाला,
"जळणालासुद्धा ओली."

दोन हिवाळे शेडमध्ये वाळवली.
तळाचं एल्म फुकट गेलं.
ऐंशी वर्षं पाण्याखाली धड राहिलेलं लाकूड
वारा लागताच आठवड्यात तडकलं,
काही माणसं तडकतात तसं
निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी.

ओक टिकला.
करवतीखाली आधी वास आला:
डांबर, कोळशाची कुबट भुकटी,
आणि फटी बुजवायला थापलेली
घोड्याची लीद. इतक्या वर्षांनी
अजून स्वतःची ओळख सांगणारी.

मग बोटभर जाडीचे ठोकळे,
आरपार भोक, आत पितळेची नळी.
लेथ फिरायला लागला की
लाकूड आधी धडधडतं, कुरकुरतं,
मग एका क्षणी कोपरे संपतात
आणि आवाज बदलतो.
तो बदलला की मी श्वास सोडतो.

जिथे खिळे होते
तिथे ओक निळाकाळा झालेला.
मला वाटलं, कुजलाय.
कुजलेला नव्हता. ओकच्या तुरट रसात
लोखंड मुरलं की शाई होते,
जुन्या खरेदीखतांवरची, न पुसणारी.
म्हणजे ही होडी
बर्मिंगहॅमला कोळसा वाहता वाहता
अंगात शाई मुरवत होती,
आणि होडीवर
कुणालाच लिहिता येत नव्हतं.

हे थर्झाने सांगितलं.
थर्झा ग्रिंडली, वय एकोणनव्वद,
जन्म मार्जोरमच्या मागच्या खोलीत,
चुलीपासून हातभर अंतरावर.
गुडघ्याला पट्टा, हातात कापडी पिशवी,
शेडच्या दारातच थांबली, नाक वर करून.
"लीद आमच्या डचेसची असणार."

शाळेचं विचारलं तर हसली.
"कोळसा उतरेपर्यंत शाळा.
ए, बी, सी करत जीपर्यंत पोचायचो
की काठावरून बापाची शीळ.
पुढच्या गावची बाई पुन्हा एपासून सुरू.
माझं नाव टीवरून.
टीपर्यंत कोळसा कधी पुरला नाही."

सगळे फुलीबहाद्दर, म्हणाली.
जकातीच्या चिठ्ठीवर फुली, गोदामाच्या वहीत फुली,
तिच्या जन्माच्या दाखल्यावर फुली.
ती स्वतः चाळिशीनंतर शिकली,
बँकेत खातं उघडायचं होतं म्हणून.

पहिलं पेन मी तिच्या हातात दिलं
आणि समोर पडलेलं एक पाकीट पालथं घातलं.
नवं पेन हातात आलं की लोक आपलं नाव लिहितात.
तिने एक रेघ ओढली, तिरकी,
थांबली,
मग तिच्यावरून दुसरी, सावकाश,
ताणलेला दोर ओलांडावा तशी.

"ही माझी नव्हे. बापाची सही.
त्याची फुली डावीकडे कलायची.
लॉकचे दरवाजे ढकलून ढकलून
खांदा निखळलेला होता त्याचा.
कारकुनाला काय, सगळ्या फुल्या सारख्या.
आम्हाला लांबूनही कळायचं, कुणाची."

मी पाहिलं. खरंच कलली होती.

पेन तिने घेतलं नाही.
"मला बॉलपेन पुरतं," म्हणाली,
आणि लेथखालचा भुसा मागितला,
निळाकाळा तेवढा निवडून.
वाकता येईना, म्हणून मी गुडघ्यावर बसून
मूठमूठ भरून दिला.
कशाला, ते तिने सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

पाकीट विजेच्या बिलाचं होतं.
आत बिल तसंच, न भरलेलं.
परवा दुसरं आलं, लाल अक्षरांत.
ते भरलं.
पहिलं अजून लेथजवळच्या खिळ्याला आहे,
पालथं.