भुवईचा र

खिडकीतला कूलर पाणी मागतो
आणि टेबलावरचा संगणक नवा जन्म.
रोज सकाळी एक चौकट येते:
यापुढं दुरुस्त्या नाहीत, नवं यंत्र घ्या.
मला पटत नाही.
एकतीस वर्षं महालातल्या छापखान्यात मी शिशाचे खिळे जुळवले.
झिजला तर खिळा बदलायचो,
त्यापायी कुणी अख्खा खण फेकला नव्हता.

वरच्या मजल्यावरची सुगती गजभिये,
पॉलिटेक्निकचं शेवटचं वर्ष,
भर दुपारी तोंडावरचा दुपट्टा सोडत आत आली.
मुठीत पाच पेनड्राइव्ह,
प्रत्येकाला चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेननं नाव.
"घ्या काका, पाहा बाप्पा. सगळे लिनक्सच."
सगळे लिनक्स, तर मग पाच काऊन?
"सावजीचा रस्सा एकच म्हणतेत ना?
मग तुम्ही गोळीबार चौक सोडून
दुसरीकडं जेवता का कधी?"

काही न पुसता, नुसतं चालवून पाहता येतं म्हणाली,
भाड्याचं घर पाहावं तसं, सामान न हलवता.
मिंट सभ्य निघालं. यादी डाव्या कोपऱ्यात,
जिथं होती तिथंच.
फेडोरा म्हणजे टोपी.
शेहेचाळीस डिग्रीत टोपीनं काय होते?
उबुंटू उठेपर्यंत
मी कूलरमध्ये तीन बादल्या ओतून आलो.
डेबियन घुम्या.
आमच्या जुन्या मुद्रितशोधकासारखं,
उशिरा देईल, पण तपासून देईल.

पाचवा ती देईना.
"आर्च हाय ते. त्यात काहीच बसवलेलं नसते.
एकेक गोष्ट आपल्या हातानं जुळवा लागते.
रडसान तुम्ही."

एकेक. आपल्या हातानं.
माझी बोटं टेबलाच्या कडेशी खण शोधू लागली,
तिथं खण नव्हता,
चहाचा वाळलेला गोल होता.

मग मी माझी परीक्षा घेतली.
चौघांवरही एकच शब्द लिहून पाहिला: वऱ्हाड.
शिशात ह्या र चा खिळा निराळा असायचा,
भुवईसारखा वाकडा,
आणि इतका बारीक की दाबाखाली आधी तोच मोडायचा.
संपला की मालक म्हणायचे,
साधा रफार ठोक, कोणाले कळते?
एकदा एका लग्नाच्या पाचशे पत्रिकांत
'वर्हाडी' गेले.
लग्न लागलं, जेवणं झाली, कुणी काही बोललं नाही.
मी अजून बोलतो आहे.

डेबियनवर आधी नुसते डबे आले, रिकामे, चौकोनी.
सुगतीनं कुठूनसा टाइप आणून बसवला
आणि डब्यांतून भुवई उगवली.
बाकीच्यांवर ती होतीच.
म्हणजे चौघेही पास.
परीक्षा अशी काय कामाची!

"तू कोणतं वापरतेस?"
ती उगाच केबल गुंडाळू लागली.
"आर्च. पण मी जुलैत पुण्याले चालली, काका.
मिंट घ्या. त्याच्यात मोडलं तरी
कोणीबी दुरुस्त करून देते."

बरोबर होतं तिचं. मी डेबियन म्हणालो.
का, ते तिनं विचारलं नाही आणि मला सांगता आलं नसतं,
बहुतेक त्या डब्यांमुळं:
आधी चुकलं, मग दुरुस्त झालं, माझ्यासमोर.

पडद्यानं विचारलं, डिस्क वाटायची की पूर्ण पुसायची?
वाटणी नको. भाऊ आणि मी एक घर वाटून पाहिलं आहे,
मधल्या भिंतीला दोन्हीकडून ओल येते.
"पुस."
मग लगेच, "थांब."
जुन्या कामांचं एक फोल्डर होतं, जुन्या फॉण्टमधलं.
नव्या यंत्राला ते वाचताच येणार नाही, असं ती म्हणाली.
न येवो. उतरवून घे.

बासष्ट टक्क्यांवर लाइट गेली.
कूलर थांबला, गल्लीतले सगळेच कूलर थांबले
आणि इतकी शांतता झाली
की वरच्या मजल्यावरचं घड्याळ ऐकू आलं.
सुगती हसली, "आता पहिल्यापासून."
चालते, म्हटलं. फर्मा सांडला तरी
पहिल्यापासूनच जुळवायचो.

आर्चचा पेनड्राइव्ह
माझ्या चष्म्याच्या डबीत आहे.
तिनं मागितला नाही.
मीही विसरलो नाही.