चौथ्या मिनिटाला, डाव्या कोपऱ्यात

ओजसने मोबाईल हातात दिला,
म्हणाला, काका, बघा, तुमचं सगळं सामान आलंय.
गाणं चार मिनिटं अकरा सेकंदांचं.
मी सात वेळा पाहिलं.
आठव्यांदा, आवाज बंद करून.

पहिला येतो रेडिओ,
व्हॉल्व्हचा, लाकडी, मागचा पुठ्ठा मीच बसवलेला.
पोरगी बटण फिरवते आणि लगेच सूर.
लगेच कसा लागेल?
व्हॉल्व्ह तापेपर्यंत माणूस बंडी चढवायचा,
चहा गाळायचा, शेजारच्याला हाक मारायचा.
त्या थांबण्याला ओजसने
एक सेकंदही दिलेला नाही.

मग रेडिओ वितळून टेपरेकॉर्डर होतो,
टेपरेकॉर्डरचा टीव्ही, टीव्हीची सीडी, सीडीचा फोन,
एसटीत एक उठला की दुसरा
त्याच गरम सीटवर टेकतो, तसे.
असं नव्हतं रे.
भांडी बाजारातल्या माझ्या दुकानात
सगळे एकाच फळीवर बसायचे, खांद्याला खांदा लावून.
पूर आला तेव्हा गोदामाईनेही
कोण जुना कोण नवा विचारलं नाही.
डीव्हीडी आणि ग्रामोफोनचा भोंगा
एकाच गाळातून उपसला आम्ही.

धूळही खोटी. टाल्कम पावडर आहे ती.
दुकानातली धूळ चिकट असते,
बोटाला लागली की सोल्डरचा वास येतो.

पेन्सिल मात्र बरोबर भोकात घातलीय.
पण पोरगी फिरवते उलटी,
अशाने फीत आवळत नाही, ढिली पडते.
पडतेच. ती ओढून बाहेर काढते,
गळ्याभोवती घेते, गिरक्या मारते.
मी थांबवलं. दोन बोटांनी मोठं केलं.
लेबलवर माझंच अक्षर:
टेस्ट. पुसू नये.

गाणं नव्हतंच त्या कॅसेटवर.
दुरुस्त झालेला प्रत्येक टेप
मी तिच्यावर तपासायचो.
हॅलो, हॅलो, एक दोन तीन,
रज्जाक, येतोय का आवाज?
बावीस वर्षं, एकावर एक,
खालचं पुसलं जायचं, पण सगळं नाही.
आणि मागे तांबट आळीतली ठोक,
दरवेळी, न बोलावता आलेली.
रज्जाक गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली.
त्याचं 'येतोय, येतोय' असेल तिच्यात कुठेतरी,
किंवा नसेलही.

ओजसवर ओरडणार होतो.
पण खोकं मीच दिलं होतं,
वर म्हणालो होतो, ने रे, भंगारच आहे.

शेवटचा शॉट गिरणाऱ्याचा.
द्राक्षबागेत संध्याकाळ, पोरीच्या हातात फोन,
काळ पुढे गेला, असं सांगायचं असावं.
आणि चौथ्या मिनिटाला, डाव्या कोपऱ्यात,
दोन वेलींच्या मधे
एक तपकिरी रेघ चमकते.

ही ओजसने लावलेली नाही.
दिसली असती तर काढायला लावली असती.
भास्कर पगारांची बाग आहे ती.
मण्यांत साखर भरू लागली की ते दुकानात येत,
जुन्या फिती किलोवर नेत,
पाखरं हाकायला, या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून.
वारा सुटला की घूं घूं वाजतात.
काय होतं त्यांच्यावर, मी कधी विचारलं नाही.
कुणाचं कीर्तन, कुणाचं लग्न,
कुणाच्या पोरीची बालवाडीतली कविता.
वजनकाट्यावर सगळं सारखंच.

ओजस, तुझ्या व्हिडिओत
रेडिओ, टीव्ही, फोन, सगळे अभिनय करतात.
कामावर असलेली ती एकटीच,
आणि तिच्यावर तू गाणं चढवलंस.

म्हणून आठव्यांदा आवाज बंद केला.
पोरगी ओठ हलवतेय.
फीत थरथरतेय.
एक साळुंकी खाली आली, घडाजवळ पोचली,
आणि वळली.
काहीतरी ऐकलं तिने.