आरोग्याच्या कारणास्तव

बाटलीवर साल एकोणनव्वद.
एत्तोरेने ती दिली चौऱ्याण्णवात,
मकरपुऱ्याची काचभट्टी पेटवून झाल्यावर,
घरी जायच्या आदल्या दिवशी.
"बारोलो आहे. दहा वर्षं हात लावू नका.
आत्ता उघडलीत तर नुसती भांडेल."

दहा वर्षं आपण हात लावला नाही, कारण पोलीस.
पुढची दहा, कारण तुझी साखर.
त्यानंतर का नाही, ते कुणी विचारलं नाही.

दांडिया बाजारातल्या घरात, जिन्याखालच्या टाक्यात
उतरायची तिसरी पायरी मे महिन्यातही गार असते.
तिथे ती आडवी निजली, गोणपाटात,
लिंबाच्या लोणच्याला पाठ लावून.
जयाबेनने एकदा पाहिलं. "शुं छे एमां?"
"तेल आहे, गुडघ्याचं," मी म्हटलं.
ती हसली. पाणी कुठे मुरतंय, तिला कळलं होतं.
पुराच्या वर्षी टाकं तोंडापर्यंत भरलं,
तुझ्या डायऱ्या गेल्या, ही राहिली.
लेबलाचा एक कोपरा तेवढा सोलला.

गेल्या महिन्यात तुझा परवाना आला.
डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते?
तू म्हणालास, लागते.
त्यांनी लिहिलं, लागत नाही.
खाली शिक्का: आरोग्याच्या कारणास्तव.
उभ्या नोकरीत खोटा कागद न केलेला तू
तो कागद विम्याच्या फायलीत नीट लावलास.

काल बूच अर्ध्यात तुटलं.
उरलेलं आत ढकललं, चहाच्या गाळणीतून गाळली.
सरबताच्या दोन पेल्यांत उतरली तेव्हा
मला वाटलं होतं, लाल असेल.
मधे डाळिंबाची वाळलेली साल
आणि कडेला वीट.

पहिला वास बंद कपाटाचा. तुझं तोंड पडलं.
मी हिशेबखात्यात होते, मला थांबता येतं.
तासाभराने तू पेल्यात नाक घातलंस आणि म्हणालास,
"डांबर."
मी म्हटलं, "गुलाब. गुलकंदासाठी आणून
सुपातच विसरलेले."
दोघंही बरोबर होतो.
मागून तंबाखूची रिकामी डबी, आमसूल,
आणि आणखी काहीतरी, ओळखीचं, नाव न आठवणारं.
एत्तोरेचे कातडी हातमोजे, तू म्हणालास,
भट्टीजवळून आल्यावरचे.

मग जिभेवर हिरडा.
पण भांडण मिटलेला हिरडा.
तुरट होता, कुणावर रागावून नव्हे.
याला पिकलेलं म्हणू नये. पिकतं ते गळतं.
हे मुरलेलं.
लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो;
माणूस मुरला की मात्र आपण सावध होतो.
मी तुझ्याकडे पाहिलं.
तू अजिबात सावध नव्हतास.

या द्राक्षाचं नाव म्हणे धुक्यावरून पडलंय.
आपल्याकडे धुकं ते केवढं,
डिसेंबरात विश्वामित्रीवर, मगरी दिसेनात इतपत,
आठाच्या आत विरणारं.
तेवढंच घशात उतरलं
आणि बराच वेळ विरलं नाही.

एत्तोरेला कळवू या, म्हणालास.
पत्ता डायरीत होता.
मग आपण पश्चिमेकडे पेले उचलले,
पश्चिम नक्की कुठली
यावर थोडं भांडून.

रिकामी बाटली या गावात भरलेलीपेक्षा अवघड.
कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, सगळी गल्ली बाहेर असते.
रात्री लेबल भिजत घातलं.
तळाचा गाळ मोगऱ्याला.
सकाळी तिळाच्या तेलात ओवा-लसूण कढवून
गार झाल्यावर बाटलीत भरलं.
आता जयाबेनने विचारलं तर मी खरं सांगते.

खाली पाइपलाइनचं खोदकाम संपलंय,
दुपारपासून रस्त्यावर डांबर ओतताहेत.
तू खिडकी लावायला उठलास
आणि लावली नाहीस.