खोका, मालनबाई

तासगावच्या बेदाण्याच्या शेडात
दाराजवळची जागा मी अकरा वर्षं सोडली नाही.
बायकांना सांगितलेलं, मला वारा लागतो.
वारा कसला.
गंधकाची धुरी नाकात शिरली की शिंक,
आणि शिंक आली की मांडीवर मांडी दाबून
मी चाळणीत वाकायची,
देठ सापडल्यासारखी.

पिवळी साडी ट्रंकेत गेली, मग फिकट निळी.
उरल्या चॉकलेटी, जांभळ्या, काळ्याच्या जवळच्या.
लेकीच्या लग्नात मांडवाच्या कडेला उभी,
हसणंसुद्धा मोजून.
विहीण म्हणाली, "लई मानी दिसतीया बाई."

नवऱ्याला सांगायचं तर कुठल्या शब्दात?
या दुखण्याचे सगळे शब्द
पाळण्यातल्या पोरांचे.

सुनेनं, प्राचीनं, न्हाणीमागं वाळणाऱ्या
धोतराच्या चिंध्या पाहिल्या.
बोलली काही नाही.
ट्रंकेवर एक पुडकं ठेवलं,
आठ दिवसांनी त्याच जागी
मिरजेच्या दवाखान्याची चिठ्ठी.

तिथं बाकड्यावर, पदर नाकापर्यंत ओढून,
आमची मुकादम. हौसाक्का.
दोघींनी एकमेकींना ओळखलं नाही.
मग नंबर लांबला, तसं ओळखलं.
"किती वर्षं गं?"
"तुमच्या किती?"
"तुझ्या आधीपास्नं."
"किती येळा उठतीस" म्हणून वरडायची माझ्यावर,
आणि लगेच माझ्या मागनं उठायची.
राग कशाचा होता, आत्ता कळलं.

आरवाडे डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडरच्या पाठीवर
आतली बाई काढून दाखवली.
आधी तीन महिने व्यायाम:
धार अडवल्यागत आतून आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं.
मी बेदाणे निवडता निवडता केला,
कुणाला पत्ता नाही.
निम्मं थांबलं. निम्मं राहिलं.

मग त्यांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या.
एक मऊ रबरासारखी कडी.
एक पट्टी, बोटभर रुंद, जाळीची,
परकराच्या नाडीपेक्षा पातळ.
"आवळून बांधायची नाही," म्हणाल्या,
"नळीखाली नुसती झोळी.
खोकला आला की तेवढ्यापुरता टेकू."
म्हणाल्या, "ही आत राहणार, कायमची.
एखादीला टोचते, एखादीची काढावी लागते.
सही करायच्या आधी हे ऐका."
मी विचारलं, बेदाण्याचं खोकं उचलता येईल?
"दीड महिना नाही."
हौसाक्का म्हणाली, "मला सुरी नको," आणि कडी घेतली.

हिरव्या पडद्याअलीकडं मी जागी,
पलीकडं मी बधिर.
आवाज आला, "खोका, मालनबाई."
हळूच खोकले.
"असं नाही. घरी खोकता तसं."
घरी?
घरी मी अकरा वर्षांत खोकले नाही.
घरी मी खोकला गिळला,
उशीत दाबला, तिसऱ्या बाळंतपणावर ढकलला,
देवळात आरतीच्या घंटेत लपवला.
"जोरात. लाजू नका, त्याच्यावरच माप घ्यायचंय."
माप!
जन्मात पहिल्यांदा कुणीतरी
माझ्या खोकल्याचं माप घेत होतं.
मग मी खोकले,
नर्सच्या हातातला ट्रे वाजला इतकी,
डोळ्यांतनं पाणी आलं, तिथनं आलं तर येऊ दे म्हणून.
"बास," त्या म्हणाल्या, "बसली."

त्या रात्री लघवीच होईना,
एक दिवस नळी. घाबरले.
सुटली तेव्हा संडासात बसून
एकटीच हसले, आणि हसणं तिथंच थांबलं नाही.

आता हौसाक्का कडी रात्री धुते,
चुन्याच्या जुन्या डबीत ठेवते.
"चुना न्हाई गं आता त्यात," सांगते,
मी न विचारता.

मागल्या सोमवारी धुरी दाट होती.
शिंक आली. सवयीनं वाकले.
वाट बघितली.
दुसरी आली. तिसरी.
फिकट निळ्या साडीला डांबरगोळीचा वास येत होता,
बाकी काही नाही.

दाराजवळची जागा मात्र सोडली नाही.
वारा येतो तिथं.
खरंच येतो.