तळघरातला ढग

आमचा ढग तळघरात राहतो, रान्व्हा.
वर तोर्शाव्नच्या बंदरावर धुकं बसलंय,
खाली अकरा सर्व्हर, दोन कण्हणारे पंखे
आणि भिंतीला ओल.
बेटांवरची सगळी मासळी इथे मोजली जाते:
कुठली बोट, किती कॉड, कुणाचा परवाना.
आज वाऱ्याने बोटी बांधून ठेवल्यात,
म्हणून आज रात्री ढग बदलायचा.
चालू ठेवून.

आधी वाच.
नव्या आवृत्तीबरोबर आलेली टिपणं, शेवटच्या ओळीपर्यंत.
वाईट बातमी नेहमी तळाशी, बारीक अक्षरात असते.
मधली आवृत्ती गाळून उडी मारायची नाही.
मी मारली होती.
तीन रात्री याच खुर्चीत झोपलो,
आणि स्यूर्दुर वरून सूप आणून ठेवायचा,
एक शब्द न बोलता.
त्याचं ते न बोलणं अजून अंगावर येतं.

बॅकअप घेतलास म्हणतेस.
परत लावून पाहिलास?
मग तो बॅकअप नाही, आशा आहे.
त्या जुन्या मशीनवर उतरव, उघड,
एखादी ओळखीची बोट शोध.
माझ्या मेहुण्याची शोध, 'तेइस्ती'.
मंगळवारी त्याने इथे चारशे किलो लिहिलेत;
घरी सहाशे सांगितले.
चारशे दिसले?
चल पुढे.

परतीची वाट कागदावर लिही.
स्क्रीन गेली की स्क्रीनवरची वाटही जाते.

घड्याळं जुळव. हसू नकोस,
पाच सेकंदांच्या फरकाने सर्व्हर एकमेकांना ओळख देत नाहीत,
वाटणीनंतरच्या भावांसारखे.
आणि कारभारी तीन ठेव, दोन कधीच नको.
मधली तार तुटली की दोघंही म्हणतात, मीच धनी:
एका म्यानात दोन तलवारी.
तिघांत निदान मोजून कळतं, वेड कुणाला लागलंय.

मग एकेक नोड.
त्यावरची बिऱ्हाडं शेजारी हलव, झोपमोड न करता.
रिकामा झाला की बदल, उठव, लॉग वाच,
चहा पी.
खरंच पी. बिघाडाला वर यायला
तेवढाच वेळ लागतो.

सहा नोड असे गेले, लोण्यातून सुरी जावी तसे.
सातवा रिकामा होईना.

पावणेतीन. एकच मशीन अडून बसलेलं,
त्याची डिस्क त्याच नोडच्या पोटात.
नाव: ह-चार. मालक: रिकामी जागा.
तू म्हणालीस, बंदच करू या, कोण विचारतंय.
तुझ्या वयात मीही हेच म्हणालो असतो.

आत पाहिलं. तासाला एक ओळ:
सांदोयच्या जुन्या धक्क्यावर पाण्याची उंची.
तो धक्का पाडून सात वर्षं झाली.
शून्य.
शून्य.
शून्य.
आणि रोज पहाटे सहाला
त्यातलं शेवटचं शून्य एका मोबाईलवर जात होतं.

आपण ते मशीन नीट झोपवलं,
डिस्कची नक्कल काढली, तिसऱ्या नोडवर नेली.
जुनी डिस्क, मुंगीच्या पावलांची.
उठलं तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती,
आणि तळघरातला फोन, जो कधीच वाजत नाही,
दहा मिनिटांपासून वाजत होता.

म्हातारीचा आवाज. बिल्ला म्हणाली, नाव सांगून.
हेइनने लावून दिलेलं, तो होता तेव्हा.
ते आलं की ती उठते, मेंढ्यांकडे जाते.
तिने एवढंच विचारलं:
"आज पाणी उशिरा का?"

मी तुझ्याकडे पाहिलं.
तू फोन हातात घेतलास आणि म्हणालीस,
"येतंय. निघालंय."

नोंदवहीत लिही, रान्व्हा, शाईने:
ह-चार. मालक: बिल्ला, सांदोय.
हात लावण्याआधी तिला कळवणे.
आणि चहा टाक,
अजून चार नोड बाकी आहेत.