फेरी

शनिवार. उद्या पेपर, रत्नागिरीत, साडेआठला गेट बंद.
आज दिवसभर मी दाभोळच्या धक्क्यावर तिकिटं फाडतेय,
कारण रजा दोनच उरल्यात आणि त्या
मुख्य परीक्षेसाठी ठेवल्यात.
एवढा माज अजून परवडतो मला.

नवीन काही वाचायचं नाही, असं ठरलंय.
चालू घडामोडींचा जाडा अंक
घरी तांदळाच्या डब्याखाली दाबून आलेय.
जवळ फक्त वही: चाळीस पानं,
बावीस पाठ, अकरा अर्धी,
उरलेल्यांकडे मी बघत नाही,
तीही माझ्याकडे बघत नाहीत.

गाड्यांच्या नंबरांवर कलमं बसवायची युक्ती माझीच.
चिऱ्यांचा डंपर चढतो, दोनशे ऐंशी: वित्त आयोग.
पुण्याची पांढरी कार, तीनशे चोवीस: निवडणूक आयोग
काच खाली करून विचारतो,
"पलीकडे ताजी सुरमई कुठे मिळेल हो?"
एकशे अठ्ठेचाळीस, महालेखापरीक्षक, स्कूटीवर,
पायाशी कोंबड्यांची टोपली.
सुटे परत देताना मी पुटपुटते,
बायकांना वाटतं, पोरगी नामस्मरण करते.

दाऊदचाचा वरून, सुकाणूपासून ओरडतो,
"किती फेऱ्यांत सोडवणार गं पेपर?"
"तीन! पहिल्या फेरीत येतात ती.
दुसरीत, ज्यांचे दोन पर्याय उडवता येतात ती."
"आणि तिसरीत?"
"तिसरी मारायचीच नाही. चार चुकले
की एका बरोबरचे गुण जातात."
"मग तीन कशाला म्हणालीस?"

मी नोटा मोजायला लागते.

मागच्या वेळी शेवटच्या चार मिनिटांत
सात गोल काळे केले, डोळे मिटल्यासारखे.
आणि एक सोडला. एकच.
वाशिष्ठी कोणत्या खाडीतून समुद्राला मिळते.
सहा वर्षं जिच्या पाण्यावर पगार घेते
ती नदी चार पर्यायांत माझ्यासमोर उभी,
आणि मी म्हटलं, इतकं सोपं
आयोग विचारणार नाही. यात काहीतरी आहे.
दीड गुणाने राहिले.
हे चाचाला सांगितलेलं नाही.
तो हसणार नाही, याचीच भीती.

दुपारी ओहोटी. बोट गाळावर टेकायला नको
म्हणून चाळीस मिनिटं थांबलो.
नाजमीनचा चिपळुणातून मेसेज: एक फाइल,
नाव 'शंभर टक्के येणारे प्रश्न', पानं दोनशे बारा.
उघडली नाही. "वाचली, मस्त आहे" असं कळवलं.
तीही उद्या माझ्याच केंद्रावर आहे.
तिने तरी उघडली असेल का?
चाळीस मिनिटांत मी जुन्या पेपरातले वीस सोडवले,
अठरा बरोबर. उरलेल्या दोहोंचं उत्तर
बघायचं टाळलं, आज त्यांना जिंकू दे.

साडेपाचला खिडकी नव्या पोराकडे दिली.
त्याला सांगितलं, दोन हजारांचे सुटे गल्ल्यात आहेत,
घाई करणाऱ्याला शेवटी घे,
डंपर मधोमध लाव, नाहीतर बोट कलते.
सांगता सांगता लक्षात आलं, हेच सगळं
मला उद्या सकाळी कोणीतरी सांगायला हवंय.

पारदर्शक पिशवी: प्रवेशपत्र, आधारची झेरॉक्स,
दोन काळी पेनं, तिसरं चाचाने दिलेलं,
हिशेबाच्या वहीतलं, टोपण चावलेलं.
पोराने सवयीने मलाही तिकीट फाडून दिलं,
पैसेही घेतले, शहाणा आहे.

धोपाव्याच्या धक्क्याला चाचाने इंजिन
नेहमीसारखं आधीच बंद केलं.
उरलेलं अंतर पाण्याने नेलं.
रॅम्प पडायच्या आत मोटारसायकली गुरगुरू लागल्या,
मी बाजूला झाले, त्यांना जाऊ दिलं.

तिकिटाच्या मागे कोरी जागा होती,
एक कलम मावलं असतं.
पेन काढलं. परत ठेवलं.